उपाशी पंप

लातूर जिल्हा झाला आणि मला नोकरी लागली, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडल्या, आणि सुरुवातीला दोघांकडेही बसायला खुर्ची नव्हती. जिल्ह्याची कार्यालयं कुठं अडत दुकानामागच्या गोदामात, कुठं शाळेच्या रिकाम्या खोल्यांत भरायची. पाट्या मात्र आधीच रंगवून आल्या होत्या. आमच्या खात्याची पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली असायची आणि दुपारी शिपाई तिच्या सावलीत बसून डबा खायचा. मी तिथं रोजंदारीवर तांत्रिक सहायक म्हणून लागले तेही एका गैरसमजातून. अर्जावर मी ‘एस. एम. सोनकांबळे, यांत्रिकी पदविका’ एवढंच लिहिलं होतं. हजर व्हायला गेले तेव्हा उपअभियंता बेलूरकर साहेबांनी माझ्या पाठीमागं दरवाजाकडे पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. कुणी येत नव्हतं. “म्हणजे ते तुम्हीच?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. ते बराच वेळ अर्जाची मागची बाजू बघत राहिले, तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. नव्या जिल्ह्यात पाण्याइतकीच माणसांचीही टंचाई होती, म्हणून बाई चालून गेली.

त्याआधी आम्ही नांदेडला राहायचो. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तिथं आधी कापसाच्या प्रेसमध्ये आणि नंतर सरकारी वर्कशॉपमध्ये फिटर होते. नवा जिल्हा म्हणजे नवं वर्कशॉप, आणि नवं वर्कशॉप म्हणजे दादांची बदली. माय नांदेड सोडताना रडली नाही, पण लातूरला पोचल्यावर रिकाम्या रांजणात डोकावून म्हणाली, “तिथं न्हाई म्हनलं तरी नदी व्हती. हितं काय हाय? जिल्हा हाय!” लातूरच्या आमच्या दोन खोल्यांत दिवस उजाडायचा तो घागरींच्या आवाजानं. टँकर येणार या नुसत्या बातमीवर गल्लीतली भांडी रांगेला लागायची आणि टँकर आला नाही तरी रांग मोडायची नाही, कारण उद्याचा नंबर जायचा. भांडी घासायची ती राखेनं, कोरडीच. भाकरीच्या पिठात पाणी घालताना मायचा हात इतका जपून चालायचा की तेल घालतेय असं वाटावं. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, कधी येसराचं भाजकं मसाला-पीठ लावलेली आमटी. आमटी त्या वर्षी दिवसेंदिवस घट्ट होत गेली. खाणाऱ्याला वाटावं घरात सुबत्ता आली, पण ती पाण्याची काटकसर होती.

दादा दुसरीपर्यंत शिकलेले, पण मशीनच्या बाबतीत त्यांचा कान असा होता की वर्कशॉपच्या फाटकाबाहेर सायकल टेकवतानाच आतल्या इंजिनाचं दुखणं सांगायचे. कापसाच्या प्रेसमध्ये तेलाच्या दाबावर कापसाचे गठ्ठे, म्हणजे गासड्या, आवळल्या जायच्या, त्या प्रेसच्या बुडाशी त्यांची उमर गेली होती. पदविकेच्या पुस्तकात ज्याला मी नियम आणि आकृत्या म्हणून पाठ केलं, ते दादांनी मला जेवताना एका वाक्यात सांगितलं होतं. “पानी काय, तेल काय, दाबून ल्हान व्हत न्हाई. म्हनून ते समोरच्याला ढकलतंय. ढकललं न्हाई तर समजावं, कुठून तरी पळालं, न्हाईतर पोचलंच न्हाई.” एवढं बोलून ते पुढचा घास घ्यायचे. पुढं तीस वर्षं मी जे पोरापोरींना शिकवलं, ते हेच वाक्य लांबवून.

अशा त्या जिल्ह्याला एक मशीन भेट आली. परदेशातल्या कुठल्याशा मदत करणाऱ्या लोकांनी दुष्काळासाठी पाठवली होती. पिवळी, बुटकी, चार चाकांची, पुढं दोन लोखंडी हात आणि हातांत माती भरायची बकेट. तिला वळायला जागा लागत नसे, एका बाजूची चाकं पुढं आणि दुसऱ्या बाजूची मागं फिरवून ती उभ्या जागी गरकन फिरायची. लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेंगी ठेवलं. बकेटला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि पाहुण्यांच्या हस्ते दांडा ओढून बकेट वर न्यायची असं ठरलं. सकाळपासून भाषणं संपेपर्यंत इंजिन चालूच होतं, मग पाहुण्यांनी दांडा ओढला. बकेट निघाली, पण अशी, की माणूस खाटेवरून उठताना गुडघ्यावर हात ठेवतो तशी. ती खांद्याच्या उंचीला येईपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात दुखले आणि टाळ्या मधेच थांबल्या. बेलूरकर साहेब हळूच म्हणाले, “नवीन आहे. लाजते.”

ठेंगीला गाळ काढायला पाठवलं ते लातूरजवळच्या मुरुडच्या अलीकडं एका गावात. नाव सांगत नाही, त्या गावात अजून माझे नातेवाईक आहेत. दादांची थोरली बहीण, गिरजाआत्या, तिथंच राहायची. तळं कोरडं ठणठणीत पडलेलं. गावातले बरेचसे गडी कामाच्या शोधात हैदराबादकडे गेलेले, म्हणून तळ्यात रोजगार हमीवर ऐंशीएक बायाच खणायच्या आणि बायाच वाहायच्या. आत्या त्यांतली एक. पन्नाशीची, काटक, कपाळावर आडवी शीर. तिच्या बोलण्यावर बायांची उठबस चालायची. साहेबांनी बांधावर उभं राहून सांगितलं, “ही एकटी मशीन शंभर माणसांचं काम करील.” त्यांना वाटलं बाया खूश होतील. बाया घमेली पालथी घालून त्यांवर बसल्या आणि ठेंगीकडे बघत राहिल्या. नियम असा होता की जिथं मशीन चालते तिथं हमीचं काम बंद, आणि तो साहेबांपेक्षा बायांना जास्त पाठ होता. आत्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “सुजाता, ही चालायला लागली तर मंग आमचं काय?”

मी म्हणाले, “बघू, आत्या.” त्या वयात मला ते उत्तर वाटलं होतं.

पण ठेंगीनं प्रश्न पुढं ढकलला, ती धड चालेपर्यंत हमीचं काम चालूच राहणार होतं. सकाळी ती बरी चालायची, नवाच्या सुमाराला हात जड व्हायचे आणि अकरापर्यंत बकेट अर्ध्यावर येऊन थरथरत उभी राहायची. डाव्या हाताच्या सिलिंडरच्या, म्हणजे तेलाच्या दाबानं हात उचलणाऱ्या नळकांड्याच्या, तोंडातून तेल टपकत असायचं. ठेंगीचे ड्रायव्हर मकबूलभाई उदगीरचे, आधी ट्रक चालवलेला माणूस. ते म्हणायचे, “सुजाताताई, सवेरे को शेर है, दुपार झाली की बकरी. अन् ऐसा रोती है के पूछो मत.” गळणारं तेल सगळ्यांना दिसत होतं, म्हणून सगळे गळतीच्या मागं लागले. कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. कुणी साबण चोपडला. साहेबांनी टाकीत आणखी तेल ओतायला लावलं आणि ते वरून सांडलं तेव्हा गळती वाढली अशी नोंद केली. वर पत्र गेलं. वरून पत्र आलं की तक्रार विहित नमुन्यात पाठवावी. विहित नमुना मागवायला पत्र गेलं. शेवटी साहेबांनी मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. “मिस सोनकांबळे, तुम्ही शिकलेल्या आहात. मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. त्याआधी हिला उठवा.”

मी रोज सकाळच्या एसटीनं मुरुडला आणि तिथून चालत तळ्यावर जायला लागले. माय डब्यात भाकरी द्यायची आणि पाण्याची बाटली देताना तिच्याकडे दोनदा बघायची. तळ्यात माझ्यासाठी कामच असं नव्हतं, मी नुसती बघत बसायचे. दुरुस्तीत बघत बसणं हेच मोठं काम असतं, हे साहेबांना पटवणं त्याहून मोठं. पहिल्या दिवशी मी बकेट भरून वर धरायला लावली, इंजिन बंद केलं, हाताच्या कडेला खडूची रेघ मारली आणि तासभर ती रेघ बघितली. खाली कुणाला फिरकू दिलं नाही. बकेट दोन बोटंसुद्धा उतरली नाही. म्हणजे सिलिंडर बाहेरून गळत होता, आतून धरून होता. तेल जात होतं ते थेंबाथेंबानं, त्यानं एवढी ताकद जाणार नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की नुसती बकेट नाही, चाकंसुद्धा त्याच वेळी ढिली पडतात. हात, बकेट, चाकं, सगळ्यांना एकदम मरगळ यायची तर दुखणं त्या सगळ्यांच्या मुळाशी, तेल ढकलणाऱ्या पंपाच्या आसपास असणार. साहेबांचं म्हणणं, उन्हानं तेल पातळ होतं. मलाही ते पटलं होतं. पण तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीनंतर ठेंगी सुरू केली तर पहिली दहा मिनिटं बकेट सरसर उठली. टाकीला हात लावला तर चटका बसला. तेल तर तितकंच तापलेलं होतं! मग उन्हाचा काय संबंध? नुसतं थांबल्यानं बरं वाटतंय, असं कोणतं दुखणं?

रविवारी मी दादांना घेऊन गेले. दादा ठेंगीजवळ गेले नाहीत, बांधावर उकिडवे बसून डोळे मिटून ऐकत राहिले. दहाच्या सुमाराला तिचा आवाज चढायला लागला, बारीक, किरकिरा, खडे चावल्यासारखा. दादांनी डोळे उघडले. “पंप उपाशी हाय,” ते म्हणाले. “त्याला तेल भेटून न्हाई राहिलं. टाकी भरलीय, पर तोंडात काय तरी अडकून राहिलंय.” आत्या शेजारीच बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “आमच्यावानीच की मंग.”

सोमवारी मकबूलभाईंनी आणि मी टाकीतलं तेल पिंपात काढलं. टाकीच्या तोंडातून त्यांचा हात कोपरापुढं जाईना. माझा गेला, पार खांद्यापर्यंत, गाल टाकीच्या तापलेल्या पत्र्याला टेकला. तळाशी चाचपडताना बोटांना काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं तर चिंधी! वीतभर रुंद, हातभर लांब, काळीमिट्ट. टाकीचं मूळ झाकण प्रवासात कुठंतरी हरवलं होतं, कुणीतरी तोंडाला चिंधी कोंबली असणार आणि ती आत पडली असणार. पंप ओढायला लागला की चिंधी हळूहळू ओढीच्या तोंडाशी जायची, जाळीला चिकटायची आणि पंपाचा गळा धरायची. थांबलं की सुटून खाली बसायची. एवढंच. सगळ्या पत्रव्यवहाराचं मूळ माझ्या हातात लोंबत होतं. जाळी धुऊन, तेल गाळून परत भरलं आणि मकबूलभाईंनी दांडा ओढला, तर बकेट अशी वर गेली की तेच दचकले. “या अल्ला! ये तो पूरी जवान है!”

बाया त्या वेळी तळ्याच्या दुसऱ्या अंगाला जेवायला बसल्या होत्या. कुणी पाहिलं नव्हतं. मकबूलभाईंनी बकेट खाली घेतली आणि इंजिन बंद केलं. “अब क्या करना, ताई?” त्यांनी विचारलं. मी बायांकडे बघितलं. आत्या कुणाला तरी अर्धी भाकरी मोडून देत होती. हे लिहिताना मला माझ्या त्या वेळच्या चेहऱ्याची थोडी गंमत वाटते. वीस वर्षांची पोरगी, कोपरापर्यंत तेल, आणि मनात आपण ऐंशी बायांचा संसार वाचवतोय असा भाव. मी वही काढून लिहिलं: ‘सिलिंडरचे सील निकामी. परदेशी भाग मागवल्याशिवाय मशीन चालवणे धोक्याचे.’ माझ्या खोट्याला पुरावा म्हणून खरं तेल टपकत होतंच. साहेबांनी अहवाल वाचला आणि त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. परदेशी भाग म्हणजे त्यांच्या हातातली गोष्ट नव्हती. त्यांनी सही केली, ठेंगीच्या कपाळावर लाल अक्षरांत ‘नादुरुस्त’ लिहवून घेतलं आणि मला म्हणाले, “उत्तम निदान.”

चिंधी मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली होती. का आणली ते आजही सांगता येणार नाही, पहिली शिकार टाकवत नसेल. दादांना दुसऱ्या दिवशी वास आला. त्यांनी पुडी उघडली, चिंधी बोटांत चोळली आणि विचारलं, “ही टाकीतली?” मी हो म्हणाले. “निघाली म्हन की. मंग मशीन बंद कामून हाय?” मी सगळं सांगितलं. मला वाटलं, बहिणीचा विषय आहे, दादा पाठीवर हात ठेवतील. दादांनी पुडी परत बांधली. “मानसाबद्दल लोक लई खोटं बोलत्यात, मानूस उलटून बोलू तरी शकतंय,” ते म्हणाले. “मशीनीला तोंड न्हाई, बाय. तिच्याबद्दल खोटं बोलू न्हाई.” त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे, पण भाकरी, पाणी, एसटी एवढंच. मशीनीचा विषय जेवणातून गेला आणि जेवण फार लवकर संपायला लागलं. मायला कळेना काय झालंय. ती मला म्हणाली, “आमटीत मीठ जास्त पडून राहिलं का गं?”

असे पंधराएक दिवस गेले. बाया खणत होत्या. वरचा गाळ संपून खालचा चिवट थर लागला होता, टिकावाचा घाव पडला की हाताला झिणझिण्या यायच्या. कठीण माथा टाळून बाया खालून मऊ जागा बघून पोखरत गेल्या, आणि पोखरलेल्या जागेवर मातीचं छत तयार झालं. मी रोज सील आलं का ते बघायच्या निमित्तानं तिथं असायचे आणि ते छत मलाही दिसत होतं. एका सकाळी, उन्हं नुकती तापायला लागली होती, धप्प असा आवाज झाला. मोठा नव्हता, धान्याचं पोतं टाकल्यासारखा. मग बाया ओरडल्या. मातीबरोबर जुन्या बांधातला एक दगड घरंगळून आला होता आणि त्याच्याखाली आत्याचा पाय गुडघ्यापासून दाबला गेला होता. आत्या ओरडत नव्हती. ती दोन्ही हातांनी माती मुठीत धरून, “हळू, बायांनो, हळू,” असं दुसऱ्यांनाच सांगत होती. चौघींनी पहार घातली, दगड बोटभर उचलला आणि पुन्हा बसला. तेव्हा ती एकदा ओरडली.

मी मकबूलभाईंकडे बघितलं, ते आधीच धावत सुटले होते. ठेंगी पन्नास पावलांवर उभी होती, कपाळावर ‘नादुरुस्त’. एका झटक्यात ती सुरू झाली आणि बाया पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. मी दगडाला साखळीचा फास घातला, दुसरं टोक बकेटच्या दातांना अडकवलं. मकबूलभाईंच्या कपाळावरून घाम निथळत होता. “ताई, वो सील? बीच में छूट गया तो?” सिलिंडरमधून तेल टपकत होतंच. पण ती खडूची रेघ मी तासभर बघितली होती. “सुटणार नाही,” मी म्हणाले. “तुम्ही फक्त हळू घ्या.” बकेट हळू उठते म्हणून अख्ख्या जिल्ह्यानं महिनाभर कागद काळे केले होते आणि मी हात हलवत ओरडत होते, “हळू! अजून हळू!” साखळी ताणली, दगड सुटला, वीतभर वर आला आणि तिथंच थांबला. धरून राहिला. बायांनी आत्याला काखेत धरून बाहेर ओढलं. मी मकबूलभाईंना दगड खाली ठेवायची खूण केली आणि मग मी तिथंच मातीत बसले.

आत्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. लातूरच्या दवाखान्यात तिला खाटेवर टांगून ठेवल्यासारखं ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी गेले. नांदेडहून दादांच्या एका दोस्तानं अर्धापूरची केळी पाठवली होती, ती घेऊन. आत्यानं दोन केळी खाल्ली, सालं नीट घडी घालून ठेवली आणि म्हणाली, “मशीन कदी बरी झाली व्हती?” मी तारीख सांगितली. तुमच्यासाठीच लपवलं हेही सांगितलं, रडत रडत. ती माझं रडणं संपायची वाट बघत राहिली.

“आमी तुला कवा म्हनलं, मशीन नको?”

“तू विचारलं होतंस ना, आमचं काय म्हणून.”

“इचारलं व्हतं. इचारलं की सांगायचं असतं, न्हाईतर उलटून इचारायचं असतं. तू तर परस्परच ठरवून राहिलीस, त्या तुज्या सायबावानी.” तिनं पाय हलवायचा प्रयत्न केला आणि दात आवळले. “खणूनच तर कंबर मोडती गं, पोरी. खणू दे की तिला. वाहायचं आमी वाहू. पाटी उचलायला ऐंशी बाया तरीबी लागत्यात. हाय का न्हाई?”

मी केळीची सालं उचलून कागदात गुंडाळली.

तेवढ्यात बेलूरकर साहेब आले. हातात कागद. घाबरलेले होते, कारण नादुरुस्त मशीन ऐंशी जणींसमोर चालली होती आणि नादुरुस्त म्हणून सही त्यांची होती. माझी मान मोडली असती तर त्यांचीही वाकली असती, एवढ्यावर आम्ही एकमेकांचे झालो होतो. त्यांनी लिहून आणलं होतं की अपघाताला कोणी जबाबदार नाही आणि मशीन ‘प्रसंगी क्षणिक चालू होऊन पुनश्च बंद पडली’. आत्याला ते वाचून दाखवून अंगठा हवा होता. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी कागदावर मशीन अजून बंदच हाय?”

“हो. तसंच ठेवावं लागेल.”

“मंग ठिवा की. कागदावर बंद ठिवा आन तळ्यात चालू ठिवा. ती खणंल, बाया वाहतील. कागदावर बंद मशीन, मंग बायांचं काम कोन बंद करंल?” तिनं अंगठा पुढं केला, पण शाईला लावला नाही. “बोला सायेब.”

साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना कुणी इतकी सोपी वाट दाखवली नसावी. “डिझेलचं काय दाखवायचं?” त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, “चाचणीसाठी.” त्यांनी मान डोलावली. आत्यानं अंगठा दिला.

पुढचे दोन महिने ठेंगीची रोज आठ तास चाचणी चालली. ती चिवट थर फोडायची, उभ्या जागी गरकन फिरून माती मोकळी टाकायची, बाया ती घमेल्यांत भरून बांधावर न्यायच्या आणि तिथून गाळ शेतांत जायचा. खालून पोखरायची गरज उरली नाही. दादा एका रविवारी स्वतःहून आले. वर्कशॉपमध्ये कातडं आणि रबर कापून त्यांनी एक सील तयार केलं होतं, कापसाच्या प्रेसला बसवायचे तसलं. ते बसवून त्यांनी सिलिंडरच्या तोंडाशी कोरडं बोट फिरवलं, बोट कोरडंच निघालं, आणि कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी मशीनीबद्दल बोलले: “बग.”

आणि मग मोठे साहेब पाहणीला आले. आधी दोनदा टळलेली पाहणी नेमकी त्याच रविवारी, न सांगता. बांधावर जीप दिसली तसं मकबूलभाईंनी इंजिन बंद केलं आणि ठेंगीच्या सावलीत आडवे झाले. बाया टिकाव घेऊन खणायला लागल्या, इतक्या जोरात की मला भीती वाटली. मोठे साहेब खाली उतरले, उंच, पांढऱ्या टोपीचे, थोडे लंगडत चालणारे. खोल गेलेलं तळं त्यांनी नीट पाहिलं. ठेंगीच्या बकेटच्या दातांना लागलेली ओली माती पाहिली. चाकांच्या ताज्या खुणा पाहिल्या. बेलूरकर साहेब फाईल छातीशी धरून उभे होते.

“ही मशीन बंद आहे ना?”

“बंद हाय सायेब!” ऐंशी बाया एका सुरात म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं त्यांना.

मोठे साहेब दादांकडे वळले. दादांच्या हातात पाना होता, तो लपवणं त्यांना सुचलं नव्हतं. “तुम्ही फिटर ना? तुम्ही सांगा. काय परिस्थिती आहे?”

दादांनी पान्याकडे बघितलं, ठेंगीकडे बघितलं, मग बायांकडे. मला वाटलं आता गेलं सगळं.

“साहेब,” दादा म्हणाले, “काम चालू हाय.”

मोठ्या साहेबांनी मान हलवली. जाता जाता, सहज आधार घ्यावा तसा, त्यांनी ठेंगीच्या इंजिनावरच्या पत्र्यावर हात टेकला आणि झटकन उचलला. तळहाताकडे बघितलं.

“ऊन फार आहे,” ते म्हणाले आणि बांधाकडे चालू लागले.

संध्याकाळी दादा आणि मी मुरुडपर्यंत चालत आलो. स्टँडवर चहा घेतला. दादांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि बशीकडे बघतच म्हणाले, “म्या खोटं न्हाई बोललो.”

“नाही, दादा.”

“काम चालूच व्हतं.”

“होतंच.”

त्यांनी चहा पिऊन बशी खाली ठेवली. लातूरची गाडी लागली होती, पण ते उठले नाहीत. “आनखी एक घेऊ का?” त्यांनी मला विचारलं. दादा दुसरा चहा कधीच घेत नसत. मी हो म्हणाले.